मजल्यांमधली माणसं

"घोडा," साहेब म्हणाले, आणि मामांनी दचकून लिफ्ट थांबवली.

थांबली ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच. जाळीच्या दरवाज्यापलीकडे नुसती भिंत होती. भिंतीत एका विटेएवढा कोनाडा आणि कोनाड्यात प्लास्टिकचा तांबडा घोडा, शेपूट तुटलेला. साहेब मामांच्या स्टुलावर बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, म्हणजे वहिनींनी उचलून ठेवला होता तिथेच. वहिनी घडी केलेली चाकांची खुर्ची पोटाशी धरून कोपऱ्यात उभ्या होत्या, कारण त्या लिफ्टमध्ये उघडी खुर्ची मावत नसे.

"काय म्हणाले हो?" वहिनींनी विचारलं. ऐकू त्यांनाही आलं होतं. पण कितीतरी महिन्यांनी आलेल्या शब्दाला एक साक्षीदार असलेला बरा.

"घोडा म्हणाले. अगदी स्वच्छ."

"अहो, पुन्हा म्हणा ना. काय आहे ते समोर? घो..."

साहेबांनी घोड्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मामा आणि वहिनी वाट पाहत राहिले. घोडाही जागचा हलला नाही. खाली कोणीतरी जाळी बडवायला लागलं, "लिफ्ट सोडा हो!" म्हणून ओरडायला लागलं, तेव्हा मामांनी नाइलाजानं हँडल फिरवलं. चौथा मजला खाली गेला, पुन्हा भिंत आली, पुढचा कोनाडा वरून उतरत आला.

"छत्री," साहेब म्हणाले.

कोनाड्यात छत्रीवाली बाई होती. या वेळी मामांनी लिफ्ट थांबवली नाही. वहिनींच्या हातातली खुर्ची सुटून पायावर पडली, तरी त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

स्ट्रोक येण्यापूर्वी साहेबांना अख्खी बिल्डिंग पाठीमागे रेडिओ म्हणत असे. पाठीमागे म्हणण्याचं कारण एवढंच, की समोर असताना मध्ये बोलायला फट मिळत नसे. विम्याच्या कचेरीत क्लेमचे कागद तपासायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं, आणि लोक काय काय कारणं सांगतात याच्या गोष्टी घरी येताना सोबत आणल्या. त्यातल्या निम्म्याअधिक मामांच्या वाट्याला आल्या. गोष्ट पाचव्या मजल्यापर्यंत संपली नाही तर साहेब उतरत नसत. मामांबरोबर पुन्हा तळमजल्यावर येत आणि उरलेली वर जाताना सांगत. वर वहिनी दार उघडून उभ्या असत आणि लिफ्टचा आवाज आला, गेला, परत आला, तरी नवरा काही येत नाही म्हणून कपाळाला हात लावत.

असा माणूस एका सकाळी दाढी करता करता बसला आणि उठला तो मुका होऊन. उजवी बाजू हळूहळू थोडी सुधारली. शब्द मात्र आले नाहीत. शिकवायला एक बाई यायच्या, चित्रांची कार्डं घेऊन. आंबा, घर, मांजर. साहेब कार्डं शांतपणे बघत आणि मग खिडकीकडे तोंड फिरवत. आत काही शिल्लक आहे की नाही, हे कोणालाच सांगता येईना. वहिनींना हाच प्रश्न खात होता. नवरा सेवा करून घेत होता, जेवत होता, झोपत होता. पण तो आपला नवराच आहे, की त्याच्या कपड्यांतला कोणी परका, हे विचारायचं तरी कोणाला?

आता ते कोनाडे. बिल्डिंग बांधली तेव्हा परांचीच्या बांबूंसाठी भिंतीत ठेवलेली भोकं होती ती. बाहेरची सगळी बुजवली, लिफ्टच्या विहिरीतली कोण बघतंय म्हणून तशीच राहिली. आणि लिफ्टच्या तळाशी असतो खड्डा. लिफ्ट आणि मजल्याच्या मधल्या फटीतून जे जे पडतं, ते त्या खड्ड्यात जातं. किल्ल्या, कंगवे, चमचे आणि मुलांची खेळणी. दुरुस्तीला येणारा मिस्त्री खड्ड्यात उतरला की वर येताना त्याच्या खिशात दोन-चार चिमुकली माणसं असायची. ज्यांची होती ती मुलं कधीच दुसरीकडे राहायला गेलेली, काहींना तर स्वतःची मुलं झालेली. मामा प्रत्येक खेळणं धुऊन, पुसून घेत. फेकून द्यायला जीव होत नसे. मग एका दुरुस्तीच्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी करायला लावली आणि ढोल वाजवणारा शिपाई पहिल्या कोनाड्यात ठेवला.

"कशाला हो मामा?" मिस्त्रीनं विचारलं होतं.

"वर जाताना नुसती भिंत बघायची म्हणजे काय! कोणीतरी भेटलं पाहिजे ना वाटेत."

शिपायानंतर गाय आली, मग शिडीवाला बंबवाला, पाणबुड्या, आचाऱ्याची टोपी घातलेलं अस्वल, घोडा, छत्रीवाली. ओळ मामांनी विचार करून लावलेली होती. बंबवाल्याची शिडी वरच्या मजल्याकडे, पाणबुड्या अंधाऱ्या कोनाड्यात, छत्रीवाली सगळ्यांत वर, कारण गच्ची तिला जवळ. लिफ्ट इतकी सावकाश जायची, की प्रत्येकाची नीट ओळख होई. बिल्डिंगमधले लोक मामांना हसत, आणि एखाद्या दिवशी कोनाडा रिकामा दिसला तर पहिले तेच चौकशी करत.

घोड्याच्या त्या दिवसानंतर साहेब रोज बोलायला लागले. पण फक्त लिफ्टमध्ये, आणि तेही वर येताना. व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असे, तेव्हा खाली जाताना वहिनींचं मनगट घट्ट धरून गप्प बसत. परतताना मात्र "शिपाई" पासून सुरू होत. एक पाणबुड्या सोडला, तर प्रत्येक नाव कोनाडा समोरून जाता जाता निघे. घरात पाऊल टाकलं की पुन्हा चिडीचूप.

एकदा आचाऱ्याच्या टोपीतलं अस्वल समोर आलं, आणि साहेब म्हणाले, "मेहुणा."

मामा चपापले. शब्द चुकला असं त्यांना वाटलं. वहिनी मात्र भिंतीला टेकून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

"माझा भाऊ, मामा! त्याला आयुष्यभर अस्वल म्हणत आले हे. खाण्यावरून चिडवायचे. अहो, ही चूक नाहीये हो. हे चिडवतायत मला!"

साहेब छताकडे बघत होते, अगदी साळसूद चेहऱ्यानं. त्या दिवशी वहिनींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नवरा आत होता आणि पूर्वीइतकाच द्वाड होता.

आणि नेमकी त्याच महिन्यात नवीन लिफ्टची नोटीस लागली. स्टीलचा बंद डबा, सरकते दरवाजे, बटणं. मामा सेक्रेटरींकडे गेले.

"मामा, खेळण्यांसाठी जुनी लिफ्ट ठेवायची?"

"खेळण्यांसाठी नाही हो. पाचव्या मजल्यावरच्या साहेबांसाठी."

"त्यांनाच एखाद्या दिवशी मध्ये लटकवून ठेवायचं का? दोर बघितलाय तुम्ही?"

दोर मामांनी बघितला होता. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. त्यानं मामांसाठी फाटकाजवळ एक खुर्ची ठेवायची कबूल केलं. लिफ्टमध्ये उभं आयुष्य गेलेल्या माणसाला आता बसायचं काम लागलं होतं.

शेवटच्या दिवशी मामा आणि मिस्त्री कोनाड्या-कोनाड्याशी थांबत वर गेले आणि मामांनी सगळी मंडळी बिस्किटांच्या डब्यात भरली. दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट बंद. साहेबांचं खाली जाणं थांबलं, आणि त्याबरोबर शब्दही थांबले. मामा डबा घेऊन जिने चढत पाचव्या मजल्यावर आले, दम खात दारात उभे राहिले.

"वहिनी, लिफ्ट गेली तर जाऊ दे. माणसं आपल्याकडे आहेत. घरात मांडू."

मग त्यांनी मांडायला जी सुरुवात केली, ती वहिनींच्या घराची दशा होईपर्यंत. आधी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मिरवणूक काढली. साहेबांनी बघितलं, पण बोलले नाहीत. मग पुस्तकांच्या कपाटात काचेचे पेले उपडे घालून त्यांवर एकेकाला उभं केलं. बंद पडलेल्या घड्याळाची तबकडी काढून आत गाय बसवली. मुरंब्याची बरणी धुऊन, पाणी भरून त्यात पाणबुड्या सोडला. तो खरोखर देखणा दिसत होता, वहिनींच्या मैत्रिणी मुद्दाम बघायला आल्या. बंबवाला शिडीसकट पडद्याच्या दांडीला टांगला. छत्रीवाली दिव्याच्या घुमटाखाली ठेवली, तिची सावली भिंतीवर मोठी पडावी म्हणून. फळं ठेवायचं फिरतं ताट आणून त्यावर घोडा आणि शिपाई फिरवले. पंख्याच्या पात्यांवरही एकेक चिकटवायचा विचार होता, पण तिथे वहिनींनी हात जोडले.

"मामा, जेवणात पडतील हो."

साहेब सगळं बघत. मामांच्या धडपडीचं त्यांना कौतुक असावं, कारण एकदा त्यांनी डाव्या हातानं मामांचा दंड थोपटला. पण शब्द नाही. वहिनी चाकांची खुर्ची फळीसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेऊन बघायच्या. साहेबांची मान वळायची, तोंड उघडायचं नाही.

"राहू द्या मामा," एका दुपारी त्या म्हणाल्या. आवाज अगदी बसलेला होता. "जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलले. माझ्या नशिबी एक मेहुणा होता, तो मिळाला."

मामा अस्वल हातात घेऊन उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं लोकांना हवं तिथे नेऊन सोडलं, आणि या दोघांना कुठे नेता येईना.

तेवढ्यात खिडकीबाहेरून दोराला बांधलेली एक बादली खाली गेली. गच्चीवर जुन्या लिफ्टच्या मशिनची मोडतोड चालली होती, तिचा राडारोडा मिस्त्रीची माणसं बादलीतून खाली सोडत होती.

"बादली," साहेब म्हणाले.

मामा आणि वहिनी जागच्या जागी थिजले. मग दोघेही खिडकीकडे धावले, पण वरच्या लोकांची चहाची वेळ झाली होती. बादली पुन्हा काही आली नाही. मामांनी मान बाहेर काढून वर ओरडून बघितलं, "अरे, सोडा की अजून एक!" वरून कोणीतरी ओरडलं, "मामा, चहा तरी पिऊ द्या!"

मामा आत आले. खुर्चीसमोर खाली बसले.

"वहिनी, आपण गाढव आहोत. म्हणजे मी आहे. पहिल्या दिवशीच कळायला पाहिजे होतं. मी लिफ्ट थांबवली, हे गप्प झाले. मांडून ठेवलेलं ह्यांना नकोय. आपोआप समोर येणारं पाहिजे आणि निघून जाणारं पाहिजे. गेलं की गेलं, त्याच्या आत म्हणून टाकायचं."

"मग काय, लिफ्ट आणणार घरात?"

"आणणार," मामा म्हणाले.

पुस्तकांच्या कपाटातली पुस्तकं पलंगाखाली गेली आणि फळ्या निघाल्या. उरलं एक उभं रिकामं खोकं. वहिनींनी आपलं लाटणं दिलं, दुसरं शेजारणीकडून मागून आणलं. एक लाटणं खोक्यात वर बसलं, एक खाली, आणि दोन्हींवरून जाड कापडी पट्ट्याची माळ. वहिनींच्या जुन्या शिलाई मशिनचं हँडल मिस्त्रीनं वरच्या लाटण्याला बसवून दिलं. काडेपेट्यांचे खण पट्ट्यावर शिवले, प्रत्येकात एकेकाला उभं करून कमरेला बारीक तार बांधली. समोर पुठ्ठा लावला आणि त्यात, बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी, एका विटेएवढी खिडकी कापली.

"मागच्या बाजूनं सगळे उलटे लोंबतायत हो," वहिनी वाकून बघत म्हणाल्या.

"मागं कोण बघतंय? लिफ्टच्या मागं काय असतं ते तुम्ही कधी बघितलंय का?"

साहेबांना समोर आणून बसवलं. मामांनी कपाटाशेजारी जागा घेतली, सवयीनं पाठ ताठ केली.

"चला साहेब. वर."

हँडल फिरलं. खिडकीच्या खालच्या कडेतून शिपाई उगवला, सावकाश वर गेला आणि वरच्या कडेला नाहीसा झाला. गाय उगवली, वर गेली. बंबवाला, पाणबुड्या, अस्वल. वेग अगदी जुन्या लिफ्टचा होता, हाताला तो पाठ होता. मामा खिडकीकडे न बघता साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. तोंड हललं नाही. उलट चेहरा उतरत गेला, आणि डावा हात चाचपडत वहिनींच्या मनगटाशी आला आणि त्यानं ते घट्ट धरलं.

मामांचा हात सुटला. "नाही जमलं," ते म्हणाले. "माफ करा वहिनी, मला वाटलं होतं..."

वहिनी आपल्या मनगटाकडे बघत होत्या.

"मामा, आपण कुठे चाललोय?"

"वर. वर चाललोय की."

"नाही हो. आपण दवाखान्यात चाललोय. बघा ना, हात कसा धरलाय ह्यांनी. आपण खाली चाललोय मामा!"

मामांना समजायला वेळ लागला. त्यांनी घोड्याकडे बघितलं, खिडकीत वर जाता जाता थांबलेल्या. मग डोळे मिटून ते स्वतःच्या लिफ्टमध्ये उभे राहिले आणि हँडल फिरवून पाचव्या मजल्याकडे निघाले. तेव्हा त्यांना भिंत दिसली, वरून खाली सरकत जाणारी. लिफ्ट वर जाते तेव्हा भिंतीवरचं सगळं खाली जातं. आयुष्य त्या डब्यात काढलं, आणि वर जायचं म्हणून मंडळींनाच वर चढवत बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"लोकांना कळू देऊ नका हो वहिनी," ते म्हणाले. "लिफ्टमन होतो म्हणून सांगायची सोय राहणार नाही."

तारा सोडून सगळ्यांचा क्रम उलटा लावावा लागला. वहिनींनी साहेबांचा हात थोपटून थोपटून सोडवला आणि मांडीवर ठेवला. मामांनी हँडल दुसऱ्या बाजूनं फिरवलं. खिडकीच्या वरच्या कडेला ढोल दिसला, मग शिपाई दिसला, आणि तो खाली उतरायला लागला.

साहेब पुढे झुकले.

"शिपाई."

मामांनी दात आवळले आणि हात थांबू दिला नाही.

"गाय," साहेब म्हणाले. "बंब." पाणबुड्याला ते काहीच म्हणाले नाहीत, पण तो त्यांना कधीच जमत नसे. मग दोन पाय आले. पायांवर अस्वल आलं, अस्वलावर टोपी. साहेबांनी आधी वहिनींकडे तिरकं बघून घेतलं, आणि अस्वल अगदी जाता जाता म्हणाले, "मेहुणा."

"सांगते हं त्याला!" वहिनी ओरडल्या. त्यांचे डोळे वाहत होते. "फोन करून सांगते आज!"

नवीन लिफ्ट सुरू झाली. लोक आत शिरतात, बटण दाबतात, दारावरच्या आकड्याकडे बघत गप्प उभे राहतात. मामा फाटकाजवळच्या खुर्चीत असतात. दुपारी मात्र ते पाचव्या मजल्यावर जातात आणि साहेबांना पुन्हा पुन्हा वर आणतात. शब्द फार वाढले नाहीत. मिस्त्रीनं खड्डा शेवटचा साफ केला तेव्हा एक मासेवाली सापडली होती. ती पट्ट्यावर आली आणि साहेब तिला दोन दिवसांत "महाग" म्हणायला लागले. तेवढ्यावर वहिनींचा आठवडा जायचा.

अशाच एका दुपारी मामा आले, कपाटाशेजारी जाऊन उभे राहिले, हँडलला हात घातला. साहेबांनी मान हलवली. नको. मामांना वाटलं, थकले असतील. पण साहेबांनी खुर्चीचं चाक डाव्या हातानं ढकललं, अर्धं वळण घेतलं आणि खुर्ची कपाटाला आपटवली. मामांचा हात हँडलवरून बाजूला केला. मग समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"तुम्हाला बसायला सांगतायत," वहिनी म्हणाल्या.

"मला? छे, छे. मी कशाला."

"बसा हो. एवढं म्हणतायत तर."

मामा बसले. कसं बसायचं ते त्यांना समजेना. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. साहेबांनी डाव्या हातानं हँडल धरलं, पाठ जमेल तितकी ताठ केली, आणि समोर बघत, मामा लिफ्टमध्ये ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना विचारत त्या आवाजात विचारलं,

"कितवा?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता. वहिनींनी जाऊन तो बंद केला आणि दारात उभ्या राहिल्या.

आयुष्यभर मामांनी हा प्रश्न विचारला होता. उत्तर ऐकलं होतं, दार उघडून माणूस बाहेर पडला की ओढून घेतलं होतं. त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी विचार केला. खाली त्यांची खुर्ची होती, ती त्यांना आज नको होती.

"पाचवा," ते म्हणाले. "पाचवा, साहेब."

साहेबांनी हँडल फिरवलं. शिपाई वरून आला, ढोल वाजवत खाली गेला. गाय आली. मामांनी तोंड उघडलं, पण एकही नाव बाहेर येईना. साहेबांनी घाई केली नाही. ते सावकाश, एका हातानं, त्यांना वर नेत राहिले.